टिचकीमावशी

लातूरच्या आमच्या दवाखान्यात रुग्णाजवळ जाण्याआधी खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटानं दोनदा वाजवणारी एकच व्यक्ती होती, आणि ती आया होती. डॉक्टर यायचे ते पांघरूण ओढतच. सिस्टर यायच्या त्या सुई हातात घेऊन. मावशी मात्र शौचाचं भांडं उचलायला आल्या तरी आधी टकटक, मग "येऊ का माय?" आणि आतल्या माणसानं मान हलवल्यावरच पुढं. शिकाऊ डॉक्टरांनी त्यांचं नाव टिचकीमावशी पाडलं. एकानं चिडवलं, "मावशी, इथं दार कुठंय वाजवायला?" भांडं हातात तसंच धरून त्या म्हणाल्या, "दार न्हाई म्हणून काय झालं? माणूस तर आत हाय ना."

मुखेडकडच्या होत्या. बुटक्या, मिसरीनं काळे पडलेले दात, निळ्या साडीचा पदर कायम खोचलेला. वॉर्डातल्या कुणालाही त्या खाटेच्या नंबरानं ओळखत नसत. एकदा सिस्टर ओरडल्या, "अगं, सात नंबरचं अपेंडिक्स कुठं गेलं?" मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "अपेंडिक्स बाटलीत गेलं बाई. राधाबाई संडासला गेल्यात." त्या दिवसापासून सिस्टर निदान त्यांच्यासमोर तरी नावं घेऊ लागल्या.

मी तिथं गुणवत्ता विभागात होतो. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक कपाट. रुग्णांना आपल्याकडे कसं वाटलं याचा अभ्यास करायचा, हे माझं काम. माझ्या फॉर्मवर पाच चेहरे छापलेले असत, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. रुग्णानं त्यातल्या एकावर बोट ठेवायचं. पायाला वजनं बांधलेला माणूस कण्हत कण्हत सगळ्यांत हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचा आणि मी खुशाल लिहून घ्यायचो. व्यवस्थापन खूश, मीही खूश.

मावशींनी एकदा मला जिन्याखाली गाठलं. "सर, राग मानू नका. गळ्यात दवाखान्याचा पट्टा घालून, उशाशी उभं राहून तुमी इचारून राहिलात. सुई कुणाच्या हातात हाय, हे त्याला कळत न्हाई का? आजारी हाय तो, येडा न्हाई."

"मग कसं विचारू?"

"सुट्टी झाल्यावर. फाटकाबाहेर आटोची वाट बघत बसत्यात, तिथं. खाली बसून. आन चांगलं का वाईट हे इचारूच नका. 'घरी गेल्यावर सुनेला काय सांगणार?' येवढंच इचारा. मग बघा कसं धडाधडा बोलत्यात."

मी बसून पाहिलं. मला जमलं नाही. माझी इस्त्रीची पँट बघून लोक पुन्हा 'देवमाणसं हायेत सगळी' म्हणू लागले. मग विचारायचं काम मावशींनी घेतलं. ड्यूटी संपली की त्या फाटकाबाहेर टेकायच्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी येऊन ऐकलेलं शब्दाला शब्द सांगायच्या आणि मी वहीत उतरवायचो. "आपरेशन झ्याक झालं, पर पोटातलं काय काढलं हे कुणीच सांगितलं न्हाई." "डॉक्टर लई हुशार, पर माझ्याशी न बोलता माझ्या पोराशीच बोलायचा. म्या काय मेलो व्हतो का?" माझ्या सगळ्या शिक्षणात मी रुग्णाबद्दल जेवढं शिकलो नव्हतो, तेवढं त्या वहीनं मला शिकवलं.

एके दिवशी मात्र मावशी चहा न घेता बोलल्या. फाटकाबाहेर एक बाई बसली होती. बाळंतपणातच तिचं बाळ गेलं होतं. तरी चार दिवस तिची खाट लेकुरवाळ्या बायांच्या रांगेतच होती. दुसऱ्यांची पोरं रडली की हिला पान्हा फुटायचा. शेजारणीच्या नवऱ्यानं पेढे वाटले, तेव्हा सवयीनं हिच्याही हातावर एक ठेवला. तो पेढा तिनं फेकला नव्हता, पदराच्या टोकाला बांधून आणला होता. बाळंतिणींचा वॉर्ड मावशींचा नव्हता, म्हणून त्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. "मी तिला शबूद दिलाय सर," त्या म्हणाल्या, "तुजं वर पोचवते म्हणून. तिचं तर गेलं. पुढच्या बाईची खाट तरी हलवतील."

मी ते लिहिलं आणि अहवालात पहिल्याच पानावर घातलं. तेव्हा मला स्वतःचा अभिमानही वाटला होता.

दवाखान्याला दर्जाचं प्रमाणपत्र देणारं तपासणी पथक आठवड्यावर येऊन ठेपलं होतं. वरिष्ठांनी ते पान माझ्यासमोर धरलं. "हे कुणी गोळा केलं?"

खरं उत्तर सोपं होतं. मी, सर. काम माझं, वही माझी. मी म्हणालो, "आपल्या एक आया आहेत, त्या बोलत असतात पेशंटशी."

"म्हणजे तुम्ही नाही?"

"नाही, सर."

एवढंच. ते पान मी माझ्याच हातानं काढलं आणि तिथं हसरे चेहरे लावले. प्रमाणपत्र मिळालं. मावशी ठेक्यावर होत्या; पुढच्या महिन्यात ठेकेदारानं त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, आता जाब विचारतील. त्यांनी विचारलं, "त्या माउलीचं वर पोचलं का सर?"

"पोचलं, मावशी," मी म्हणालो.

"मग झालं," असं म्हणून त्या समाधानानं गेल्या.

पुढं मी नांदेडला आलो, रुग्णालय व्यवस्थापन शिकवू लागलो. 'घरी गेल्यावर काय सांगाल?' हा प्रश्न माझे विद्यार्थी 'सरांचा प्रश्न' म्हणून ओळखतात. मी कधी दुरुस्ती केली नाही.

यंदा उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी मुखेडला उतरलो आणि विचारत विचारत त्यांच्या घरी गेलो. लेकीकडे राहतात. ओसरीत तूर निवडत होत्या. दृष्टी अधू झालीय, पण आवाजावरून ओळखलं. मी चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं, नाहीतर तोही दिवस वाया गेला असता.

प्रश्नाचं ऐकून त्या हसल्याच. "घ्या की. प्रश्न काय कुणाच्या बापाचा असतोय व्हय?" नोकरीचं म्हणाल तर ती माझ्यामुळं गेली, हे ठेकेदारानं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. "तुमची लेकरं लहान व्हती. भ्यालात. मला दुसरीकडं भाकर भेटली." मग त्यांचा हात सुपात थांबला. "पर ते पोचलं न्हाई?"

"नाही."

लेक चहा ठेवून गेली. "माझी माफी कामून मागता सर?" त्या म्हणाल्या. "येक खाट हलवायची व्हती. रुपाया लागत नव्हता."

मी त्या बाईचं नाव विचारलं. ते त्यांनी तेव्हा विचारलंच नव्हतं. नाव विचारलं की माणूस बिचकतो, म्हणाल्या. मुखेडची नव्हे, नांदेडजवळच्या मुदखेडच्या बाजूची होती आणि डाव्या हातावर कोपरापर्यंत गोंदण होतं, एवढंच त्यांना आठवत होतं.

तेव्हापासून मी दोनदा मुदखेडला जाऊन आलो. स्टेशनाबाहेर बाया भाजी घेतात, गाडीसाठी धावतात, पोरांना ओढत नेतात. भेटलीच तर काय बोलणार, हे मला ठाऊक नाही. तासभर मी त्यांच्या डाव्या हातांकडे बघत उभा राहतो आणि मिळेल त्या गाडीनं परत येतो.