सतरा आणि वीस नंबरचे आलेच नाहीत

आरएसीचं तिकीट हातात असलेला माणूस मनाने चांगला राहूच शकत नाही. एका बर्थवर दोघांनी बसायचं, आणि ज्यांची जागा पक्की आहे त्यांची गाडी चुकावी म्हणून वाट बघायची!

आत्याच्या मुलाच्या लग्नाला आई आणि मी पनवेलहून कुडाळला निघालो होतो. (बाबा मदतीला आधीच गेले होते.) आईची कंबर धरली होती. रात्रभर बसून गेली असती तर लग्नात तिला खुर्चीसकट उचलून न्यावं लागलं असतं. तिला आडवं व्हायला जागा मिळवणं हे माझं काम. आणि मी कशी? रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणायला लाजून पुढच्या चौकात उतरणारी!

त्यात सकाळपासून काकांचे फोन. काका फोनवर एकच विचारतात, "काय मग, लाडू कधी देतेस?" मी फोन सायलेंट करून टाकला. (आईचा घरीच चार्जिंगला राहिला होता.) काका-काकू तसेही स्वतःच्या गाडीने जाणार होते.

पनवेल सुटलं. समोरचे सतरा आणि वीस नंबर रिकामे! आईने हात जोडले.

"काय मागतेयस?"

"काही नाही गं. त्या माणसांना घरीच सुखात ठेव म्हणतेय."

तेवढ्यात टीसी आले. "सतरा-वीस पनवेलचेच आहेत. आले नाहीत?"

आईने मला चिमटा काढला. "बोल की! इंग्लिशमध्ये बोल, लगेच ऐकतात. एवढी फी भरलीय शाळेची."

"दे आर नॉट कमिंग, सर."

"ओळखीचे आहेत?"

"नो, सर. नेव्हर सीन देम!" (कमी बोलणारी माणसं एक वाक्य जास्त बोलली की असं होतं.)

टीसींनी दोन्ही जागा आम्हाला दिल्या. आईने चादर अंथरली, "हुश्श" म्हणून पाठ टेकली, आणि दार ढकलून काका आत! मागे घामाघूम काकू, कडेवर आहेराची पितळी समई.

"अगं, किती फोन करायचे तुला! काल गाडी बिघडली म्हणून तत्काळमध्ये तिकिटं काढली. घाईत पार मागच्या डब्यात चढलो. म्हटलं, पोरीला सांगावं, आमच्या जागा सांभाळ. सतरा आणि वीस!"

टीसींनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही तर यांना कधी पाहिलंच नाही ना?"

"पाहिलं नाही?" काका गरजले. "अहो, हिला हॉस्पिटलमधून घरी मी आणलंय! रिक्षातून! मांडीवर घेऊन!"

अख्खा डबा माझ्याकडे बघायला लागला. वरच्या बर्थवरच्या एका आजोबांनी तर त्यासाठी चष्मा लावला.

"भावजी, उठते हां मी," म्हणत आई उठायला गेली आणि कळ येऊन तशीच वाकडी राहिली.

"वहिनी, झोपा तुम्ही. मी बसतो हिच्याबरोबर."

आई सतरावर, काकू वीसवर. आणि आरएसीच्या त्या एका बर्थवर काका आणि मी, गुडघ्याला गुडघा लावून, थेट कुडाळपर्यंत!

काकांनी घसा खाकरला. "आता कसं निवांत बोलता येईल. काय मग, लाडू कधी देतेस?"

मी सवयीने सायलेंटचं बटण चाचपलं. काकांना ते कुठेच नव्हतं.