पोट उचललेली मोटार

कुठे ताजं लाकूड कापलं की भुशाच्या वासानं मला काकांची मोटार आठवते. मुंबईहून जुनी मोटार आणून काकांनी मागे पेट्यांसाठी फळ्यांचा हौदा बसवला होता, पण सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी माळावरच्या, आंब्याच्या बागेत जाताना तिचं पोट कातळाला घासायचं. मग सुतारानं चाकांच्या कण्यावर ऐनाच्या लाकडाचे ठोकळे घालून तिला उंच केलं. "आता घासणार नाही ना?" मी खाली वाकून विचारलं. "तू सरक गो आधी, नाहीतर तूच घासशील!" सुतार म्हणाला. पहिल्या फेरीला पेट्या नव्हत्या, काकू होती. पायानं अधू, लग्न होऊन आल्यापासून त्याच बागेचे आंबे घरी पेट्यांत भरायची, पण बाग तिनं पाहिलीच नव्हती. पेंढ्यावर बसवलेल्या काकूला घेऊन, गचके खात, मोटार एकदाची वर पोचली. काठी टेकत ती झाडाझाडाखाली थांबली. एका झाडापाशी म्हणाली, "अहो, हा वाकड्या सोंडेच्या आंब्यांचा ना?" "तोच," काका हसले. "तू होय रे तो!" तिनं बुंधा थोपटला. मुक्कामाचं अंथरूणही तिनं बागेतला राखणीचा मांगर सोडून त्याच झाडाखाली घालायला लावलं, आणि मला झोप लागेपर्यंत ती त्याच्याशी कुजबुजत होती. आज मी तेव्हाच्या तिच्याहून म्हातारी झाले, तरी काय बोलत होती ते तिला विचारावंसं वाटतं.