काळा पडलेला फॅक्स

सदर बाजारातल्या गोपाळरावांच्या टायपिंगच्या दुकानात कृष्णकांत वीस वर्षं बसला आणि त्या वीस वर्षांत त्याला न लागलेला कागद एकच. डॉक्टरची चिठ्ठी असो की वकिलाची खरड, चष्मा कपाळावर सरकवून हा वाचून मोकळा. ताठा तरी केवढा त्याचा! एकोणनव्वद साली दुकानात फॅक्सपाठोपाठ कॉम्प्युटर आला, आणि फॅक्समधली अक्षरं ओळखणारे दोन प्रोग्राम आले. "कोणता घ्यायचा, तूच सांग," असं गोपाळराव म्हणाले तेव्हा स्वारी फुगून बसली.

पण काम चोख केलं. आठ दिवस तेच इंग्रजी फॅक्स दोन्हीकडे घातले. पहिला प्रोग्राम भराभर वाचायचा आणि बिनदिक्कत पाचाचा एस करायचा. दुसरा रडतखडत चालायचा, पण न कळलेल्या अक्षराच्या जागी फुली मारायचा. "याला निदान लाज आहे," कृष्णकांत म्हणाला.

त्याच दुपारी नरखेडकडच्या भागीरथाबाई आल्या. त्यांचे मालक वामनराव गेल्या वर्षी ऑपरेशनला मुंबईला गेले, ते परतलेच नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी हातानं लिहिलेला फॅक्स याच दुकानात आला होता. बाईंना वाचता येत नाही, म्हणून कृष्णकांतनंच वाचून दाखवला होता. मोटर दुपारी लावू नको, मोसंबीले पाणी कमी पडू देऊ नको. बस, एवढंच. तोच कागद बाईंनी पिशवीतून काढला. पार काळाठिक्कर!

"चुरगळला होता ना भाऊ, म्हणून तांब्यात निखारे टाकून वरून फिरवला. अन् पाहा काय झालं!"

फॅक्सचा कागद उष्णतेनं काळा पडतो, हे त्या बिचारीला कोण सांगणार?

"जाताना यष्टीवर माह्यासंगं एक शब्द बोलले नाही. ह्याच्यातही माह्यासाठी काही नव्हतं. पण अक्षर तर त्यायचं होतं ना!"

कृष्णकांतला गलबलून आलं. त्यानं तो कागद कॉम्प्युटरात घातला. पहिल्या प्रोग्रामनं पानभर इंग्रजी बरळ ओकली, दुसऱ्यानं पानभर फुल्या. मराठी दोघांनाही येत नव्हतंच म्हणा. मग यानं स्वतः कागद उन्हात धरला, आडवा धरला, उलटा धरला. छे!

"मुंबईहून तारेतून आला तसा पुन्हा नाही का येणार, भाऊ?"

कृष्णकांतनं कपाळावर हात मारला. "अहो बाई, तारेतून कागद येतच नाही! येते ती त्याची छबी. लिहिलेला कागद तिकडंच राहतो. पाठवला कोणी होता?"

"माह्या दिरानं, चंपतरावानं." बाई बघतच राहिल्या. "दवाखान्याची पिशवी माळ्यावर आहे. कोणी उघडलीच नाही."

चौथ्या दिवशी त्या आल्या. हातात घडी केलेला वहीचा कागद, निळी शाई, कोपऱ्यात चहाचा डाग. कृष्णकांतनं वाचला. मोटर, मोसंबी, सगळं तेच. सहज पालटला, तर मागंही दोन ओळी. घाईत एकच बाजू मशीनीत गेली होती.

त्यानं त्या वाचून दाखवल्या.

"भागीरथा, यष्टीवर तुह्यासंगं बोललो नाही. रडू येऊन राहिलं होतं. राग नको धरू."

बाई हळूच म्हणाल्या, "माहं नाव कुठं आहे, भाऊ?"

कृष्णकांतनं पहिला शब्द दाखवला. बाईंनी त्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही.