चार तासांचं अंतर

नागावात आमच्या कुंपणापलीकडे राहणारे काका कुणीही भेटलं की आधी त्याच्या पोटाची चौकशी करतात. रोज सकाळी ओटीवर बसून ते स्टीलच्या ग्लासात इसबगोल ढवळतात आणि ढवळून झालं की चमचा ग्लासावर असा वाजवतात, की देवळातली घंटा वाटावी. मग "फायबर पाहिजे बघ, फायबर!" हे प्रवचन. ते टाळायला मी कित्येकदा मागच्या दाराने बाहेर पडलोय.

काकूंना थायरॉइड आहे. उपाशीपोटी घ्यायची गोळी काका त्यांना त्याच इसबगोलाबरोबर गिळायला लावत. एका पाण्यात दोन कामं! डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला, तरी काकू भाजी निवडता निवडता पेंगायच्या. काका आळीभर सांगत सुटले, "औषध चांगलं हाय, हिच्याच अंगात आळस मुरलाय."

गेल्या महिन्यात मी दोघांना गाडीतून अलिबागला नेलं. गोळी कशी घेता, असं डॉक्टरांनी विचारलं आणि काकूंनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "इसबगोल औषध धरून ठेवतं, ते पुरतं अंगी लागत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा." काका पंख्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी बोलावून तेच मला शिकवू लागले, "गोळी आणि फायबर, मधे चार तास पाहिजेत. लोकांना एवढं साधं कळत न्हाय!"

काकूंनी ग्लास आणून त्यांच्यापुढे आदळला. "हे घ्या तुमचं फायबर. आणि मला काय शिकवायचं असेल ते आता चार तासांनी."