तळाशी बसलेला आक्षेप

दहावी ब च्या राजनंदिनीनं सहामाहीच्या पेपरात लिहिलं होतं, ‘दोन द्रावणे एकत्र केली असता पांढरा आक्षेप तयार होतो व तो तळाशी बसतो.’

मुकुंदवाडीतल्या आपल्या खोलीत पेपर तपासताना दीपमाला टीचर एकट्याच खो-खो हसल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाल्या, “अगं बाई, अवक्षेप! आक्षेप घ्यायचा असतो. तो कुठं बसतो?”

“आमच्या घरी बसतो टीचर. मम्मीचा रोज बसतो.”

वर्गात हशा पिकला. तेव्हापासून परीक्षानळीत पांढरं काही खाली बसायला लागलं, की पोरं एका सुरात ओरडायची, “टीचर, आक्षेऽऽप!”

दीपमाला गंगापूरकडच्या. कॉलेजात असताना गुलाबी द्रावणात आम्लाचा एक थेंब पडला आणि सगळा रंग गेला, ते बघून त्यांनी रसायनशास्त्र धरलं ते धरलंच. शाळेत मात्र त्या तासिकेवर लागल्या आणि तासिकेवरच राहिल्या. कायम कधी करणार विचारलं, की “पुढच्या जूनला बघू,” असं संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब दर जूनला म्हणत. पुढं पुढं टीचरनी विचारणंच सोडलं. जिन्याखालच्या प्रयोगशाळेची किल्ली तेवढी त्यांच्या पर्समध्ये असे.

आता ती खोली एका कोचिंग क्लासला हवी होती.

“दादासाहेब स्वतः तास बघायला येणारेत,” मुख्याध्यापक सर्जेराव सर म्हणाले. “बघून ठरवतील. भारी काहीतरी दाखवा.”

“सर, खोली गेली तर माझे प्रात्यक्षिकाचे तास जातील. मग मला ठेवणार कशाला?”

“म्हणून तर म्हणतो ना, भारी दाखवा!”

सिल्व्हर नायट्रेट बाटलीच्या बुडाशी चिमूटभरच उरलं होतं. शाळेच्या नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि टँकरचं पाणी बोअरचं, खारं. म्हणून टीचरनी गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी कॅन भरून आणलं आणि शिपाई कडुबामामांना बजावलं, “मामा, याला हात लावायचा नाय.”

“नाय लावत.”

दादासाहेब आले, कडुबामामांनी दिलेला चहा घेऊन खुर्चीत बसले. टीचरनी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात खिळा सोडला. बघता बघता खिळ्यावर तांबूस थर चढला. मग गुलाबी द्रावणात आम्ल थेंब थेंब टाकलं. “आता बघा हं…” आणि गुलाबी गायब! दादासाहेबांच्या भुवया वर गेल्या. दारातून सर्जेराव सरांनी अंगठा दाखवला.

“आता दोन पाण्यासारखी स्वच्छ द्रावणं. एकात मीठ आहे. दुसऱ्यात मी हे विरघळवते. दोन्ही एकत्र केली, की पांढरं होईल.” टीचरनी कॅनमधलं पाणी नळीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटची उरलेली चिमूट टाकली. नळी हलवली.

पाणी दुधासारखं पांढरं झालं.

“हे आधीच झालं की,” दादासाहेब म्हणाले. “मिठाचं राहिलं ना अजून?”

टीचरनी कॅनच्या तोंडाला बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट! त्यांनी कडुबामामांकडं पाहिलं. मामा ट्रे छातीशी धरून उभे होते.

“चहा मात्र फर्स्ट क्लास केला बरं का, कडुबा,” दादासाहेब कप ठेवत म्हणाले.

“टँकरच्या पान्यात मागल्या खेपंला दूध फाटलं व्हतं, दादासाहेब,” मामा पुटपुटले. “म्हून चांगलं पानी घेतलं. कॅन पुन्हा भरून ठिवला, टीचर.”

“सर, प्रयोग फसलेला नाही,” टीचर घाईघाईनं म्हणाल्या. “ह्या पाण्यातच क्षार आहेत, म्हणून मीठ घालायच्या आधीच अवक्षेप…”

“असू द्या, असू द्या. ह्याच्यापेक्षा स्क्रीनवर चांगलं दिसतं. पोरांनाही तेच आवडतं.” दादासाहेब उठले. “खोली एक तारखेपासून त्यांना देऊन टाका. कुणाचा काही आक्षेप?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. राजनंदिनी मात्र हसत नव्हती. ती ताडकन उभी राहिली.

“आहे, सर! टीचरचा प्रयोग बरोबर होता. पाणी बदललं कुणी तर…”

सर्जेराव सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दादासाहेबांनी टीचरकडं पाहिलं. आवाज अगदी गोड. “तुम्हीच शिकवलं का हे? की तुमचाही आहे आक्षेप?”

टीचरच्या हातातल्या नळीत पांढरं हळूहळू खाली बसत होतं. येणारा जून त्यांच्या डोळ्यांपुढं आला.

“नाही, सर. माझा काही नाही.” मग मागं न बघता म्हणाल्या, “राजनंदिनी, बस खाली.”

“पण टीचर…”

“बस म्हटलं ना!”

ती बसली.

किल्ली त्याच दिवशी द्यावी लागली. खिडकीत ठेवलेल्या त्या नळीतलं पांढरं उन्हानं काळपट पडलं होतं. मामा नळी घासायला घेऊन गेले आणि परत येऊन म्हणाले, “लई चिकटलंय, टीचर.”

पुढच्या आठवड्यापासून तास वर्गातच. टीचरनी फळ्यावर खडूनं परीक्षानळी काढली, तळाशी ठिपके दिले. ठिपके संपेपर्यंत त्या वाट बघत राहिल्या. कुणीच ओरडलं नाही.

“राजनंदिनी, सांग बरं. तळाशी काय बसलं?”

ती उभी राहिली. तिची नजर वहीवर होती.

“अवक्षेप,” ती म्हणाली. अगदी बरोबर, स्पष्ट. आणि बस म्हणायच्या आतच खाली बसली.