आष्टीचं माळवद, मॅडमचा महाल

आष्टीच्या स्टँडवर नगरची गाडी लागली तेव्हा अण्णा माझ्याशी धड बोललेच नाहीत. आभाळाकडे बघत एवढंच म्हणाले, "माती टाकून झाल्यावर निघालास, बरं झालं." आमचं घर माळवदाचं, म्हणजे लाकडावर मातीचं छत. दरसाल पावसाआधी वर चढून पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, चोपून चोपून बसवायचा. एक साल चुकलं की घरात धारा. पोरगा इंग्लंडला चाललाय आणि बापाला मातीची पडलीय! मला लई राग आला होता.

इथे बायको हॉस्पिटलात नर्स आणि मी एका जुन्या इस्टेटीचा केअरटेकर. नाव मोठं. काम काय, तर गळतीखालच्या बादल्या ओतायच्या. नाचाच्या हॉलमधलं झुंबर गोणपाटात गुंडाळलेलं, पूर्वजांच्या तसबिरींवर बुरशी, तबेल्यात माणूसभर गवत. ऐंशी ओलांडलेल्या मॅडम एकट्याच स्वयंपाकघरात हीटरला चिकटून राहतात, बाकी खोल्यांना कुलपं. मुलगा कॅनडात. ख्रिसमसला फोन करतो.

व्हिडिओ कॉलवर मी हे सगळं अण्णांना हौसेनं दाखवलं. ते हसले. "येवढं मोठं घर, अन् वर चढाया एक माणूस न्हाई? कावून रं?" मी घाईनं कॅमेरा तबेल्याकडे वळवला.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. गुडघे पार गेले होते. "तू येतो का? दोन दिसाचं काम हाय. गडी नुसती माती पसरतो, चोपीत न्हाई." माझे व्हिसाचे कागद अडकलेले, मॅडमना एकटं टाकायची सोय नाही. "बघतो," म्हणालो. त्यांनी परत विचारलं नाही. पावसात माळवद ढासळलं. नशीब, अण्णा तेव्हा बीडला ताईकडे होते. आता तिथेच असतात, तिसऱ्या मजल्यावर, सिमेंटच्या स्लॅबखाली. ताई गावाकडे चला म्हणाली की चिडतात. "काय बघायचं तिथं? ढिगारा?"

तिकडे राहिलेल्यांनो, इकडे आलेल्यांनो, कुणीतरी सांगा, मी आता घर कशाला म्हणू? इथला आमचा फ्लॅट भाड्याचा, महाल मॅडमचा, आष्टीत मातीचा ढीग. परतायचं म्हटलं तर कुठे, हेच कळत नाही. अण्णा आपल्या घराचं नावसुद्धा काढत नाहीत. रविवारी फोनवर एकच विचारतात, "बाईचं छत गळायचं थांबलं का?"

परवा नाचाच्या हॉलचं अर्धं छत खाली आलं. मी म्हणालो, "थांबलं, अण्णा."

"थांबणारच," ते म्हणाले. "तू हाईस ना तिथं."