छुमछुम बाईच्या बांगड्या

आंधळ्या मुलांच्या शाळेत मी वसतिगृह सांभाळायचे असं सांगितलं, की समोरचा चेहरा पाडून "बिचारी लेकरं" म्हणतो. मला नेमकं त्याच वेळी काहीतरी आठवून हसू येत असतं, आणि ते दाबता दाबता पुरेवाट होते. एक किस्सा आठवला की त्याच्यामागं दुसरा येतोच. आमची पोरं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून जेवायला यायची, तसा.

पहिला माझ्याच फजितीचा. नवी होते, उत्साह दांडगा. कुणी पाहुणे येणार म्हणून पोरं वर्गात असताना मी सगळ्या खाटा हलवून झकास एका रांगेत लावून घेतल्या. शाळा सुटली, पोरं रोजच्या जागी टेकायला गेली ती धपाधप फरशीवर! निसार सगळ्यांत मोठा, तो कंबर चोळत माझ्याकडं आला.

"बाई, खाटा कशाला हलवल्या?"

"अरे, खोली छान दिसावी म्हणून."

"कुणाला?"

पाहुणे यायच्या आत खाटा जिथल्या तिथं गेल्या.

गया करमाडची, सगळ्यांत धाकटी. आमच्याकडं कुणी "बघू" म्हटलं की वस्तू त्याच्या हातात द्यायची, हे तिच्या पक्कं अंगवळणी पडलेलं. वेरूळला सहल नेली, तर लेण्याबाहेर एक जण दगडी हत्ती विकत बसला होता.

"हात नाय लावायचा पोरी, नुसतं बघायचं," तो गुरकावला.

"व्हय, नुसतंच बघते," म्हणत गयानं त्यातला सगळ्यांत मोठा हत्ती उचलला. सोंडेपासनं शेपटीपर्यंत तिनं तो बघितला, तेव्हा कुठं त्याला उमगलं. बिचारा वरमला.

"चुकलं बेटा. मला दिसलंच नाय."

मागनं निसार म्हणाला, "तुम्हाला बी?"

पोरांनी आम्हा सगळ्यांना आवाजावरनं नावं ठेवली होती. माझ्या हातभर काचेच्या बांगड्या, म्हणून मी छुमछुम बाई. कोठीतला गूळ दुपारचा कमी व्हायचा, आणि मी चोर पकडायला निघाले की व्हरांड्याच्या टोकालाच पोरं सावध. आत जाऊन बघावं तर सगळे पाढे म्हणत बसलेले.

एका दुपारी मी हट्टालाच पेटले. साबण लावून एकूण एक बांगडी उतरवली, रुमालात बांधली, चपला काढल्या आणि दबकत निघाले.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर, पैठणच्या गाडीवर. ड्युटी संपली की पोरांना भेटल्याशिवाय घरी जायचे नाहीत. त्या दिवशी त्यांना उशीर झाला होता, पण मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पैठणच्या रस्त्यावर गाडी उलटली, असं भाजीवाला फाटकाशी सांगून गेला होता. सांगितलं ते पोरांना, मला नाही.

कोठीत कुणीच नव्हतं. सगळी पोरं प्रार्थनेच्या हॉलमध्ये चिडीचूप बसलेली. मी दारात पाऊल टाकलं तशी गया उठून आली, तिनं माझा हात धरला, मनगटावरनं बोटं फिरवली आणि हुंदके द्यायला लागली.

"बाई, बैठो जरा," निसार म्हणाला. "पैठणची गाडी उलटली म्हनं. आमी म्हनलं, बाईला सांगावं कसं. पर पाऊल तुमचं आन् बांगड्या नाय. तवा समजलं, तुमाला कळलंय."

अरे, त्या चोर पकडायला काढल्यात, हे सांगायचंही राहूनच गेलं. मी मटकन खाली बसले आणि पदर तोंडाला लावला. आयुष्यात इतकी कधी भ्याले नाही. कुणी पुढारी वारले की दोन मिनिटं शांत उभं राहायचं, हे आम्हीच पोरांना शिकवलेलं. निसारनं सगळ्यांना उभं केलं.

उलटली होती ती मोसंब्यांची बैलगाडी. आमचे हे खाली उतरून फळं वेचू लागले म्हणून उशीर, आणि गाडीवानानं खुशीनं पिशवीभर मोसंबी दिलेली. हे सगळं मागाहून कळलं. ते हॉलच्या दारात आले तेव्हा पोरांच्या आड बसलेली मी त्यांना दिसले नाही. सगळे मान खाली घालून उभे, हे बघून त्यांनी पिशवी ठेवली, टोपी काढली आणि तेही रांगेत उभे राहिले. जरा वेळानं शेजारच्या निसारला हळूच विचारलं,

"कोण गेलं रे?"

निसारनं मान न उचलता सांगितलं, "तुमीच की, काका."

ह्यांचा आवाज ऐकून मी पदर बाजूला केला. रडू आणि हसू एकदमच आलं, इतका जीव भांड्यात पडला. गया अजून माझं मनगट धरून होती. तिनं फ्रॉकला नाक पुसलं आणि म्हणाली,

"बाई, घाला आता बांगड्या."